एक झेंडा की दोन

मेलबर्नला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. चहाच्या सुट्टीत लॅबमधल्या एका बाईने मला विचारलं, "मग, तुम्ही कुणाचे?"

मी कप खाली ठेवला. आमच्या नागपुरात असला गोल प्रश्न आला की त्याचा रोख मला बरोबर कळायचा. आधी गाव, मग आडनाव, मग "म्हणजे मूळचे कोण?" समुद्र ओलांडून इतक्या लांब आले, तर हा प्रश्नही माझ्याच विमानातून आला की काय, असं वाटून माझं डोकं फिरलं. काहीतरी खरमरीत बोलणार, तेवढ्यात तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्यावर रंगीबेरंगी पट्ट्यांची जर्सी घातलेले खेळाडू हवेत उड्या मारत होते. बाई फुटबॉलची टीम विचारत होती.

हा फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. मैदान क्रिकेटचं, लांबट गोल. चेंडू लाल चामड्याचा, अंड्याच्या आकाराचा. तो लाथेने मारायचा, मुठीने ठोसायचा आणि जमलं तर दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून आभाळातून झेलायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला किंवा खांबाला नुसता चाटून गेला तरी एक गुण. म्हणजे नेम चुकला तरी हातावर काहीतरी ठेवतातच. इतका दिलदार खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. खांबांमध्ये पांढरा कोट घातलेला एक पंच उभा असतो. सहा गुणांना तो दोन झेंडे हलवतो, एका गुणाला एक.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी कॅलेंडरवरचे रंग पाहिले आणि म्हटलं, "निळे."

दुसरं काय म्हणणार? आमच्या वस्तीत विहारावर निळा झेंडा, एप्रिलमधल्या जयंतीला गल्लीभर निळ्या पताका, माझ्या बाबांच्या सायकलच्या हँडलला निळी रिबन. निळा हा आमच्याकडे रंग नाही, पत्ता आहे. पण बाईचा चेहरा पडला. शेजारचा माणूस म्हणाला, "अरेरे." निळे त्या वर्षी तळाला होते आणि तिथून हलायचं त्यांच्या मनातही दिसत नव्हतं.

"मग बदलते ना," मी म्हटलं. सगळ्यांनी कप खाली ठेवले. नवरा बदल, घर बदल, देश तर तू बदललाच आहेस, पण टीम बदलायची नाही, असं मला गंभीरपणे समजावण्यात आलं. माझ्या आजी-आजोबांनी धर्म बदलला होता, त्यामुळे बदलण्याचं मला वावडं नाही. पण त्यांनी तो का बदलला तेही मला माहीत होतं. दुसऱ्यांचा चांगला चाललाय म्हणून काही बदलला नव्हता. मी निळीच राहिले.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची, एकटीच. मी निळी आहे हे तिला कुंपणावरून कळलं आणि त्या शनिवारी ती दारात हजर. हातात थर्मास, काखेत गोधडी. "चला," म्हणाली, विचारलंसुद्धा नाही. मी, नवरा आणि कडेवर मुलगी, असे आम्ही तिच्या मागे निघालो ते पुढची सगळी वर्षं जातच राहिलो.

ते शनिवार मला अजून आठवतात. ओल्या गवताचा वास, कागदी पिशवीतला गरम 'मीट पाय', म्हणजे तिकडची खिम्याची कचोरी, त्यातून ओघळून मनगटापर्यंत येणारा रस्सा. मी डब्यात बटाट्याची भाजी आणि पोळ्या न्यायचे. म्हातारीने पहिल्या दिवशी पोळीचा वास घेतला, दुसऱ्या शनिवारपासून स्वतःहून हात पुढे केला. पण सगळ्यांत जास्त आठवतं ते ओरडणं. घरात मी ओरडायचेच, ती गोष्ट वेगळी. चारचौघांत, मोकळ्या आभाळाखाली, पोटातून ओरडायची सवय मला नव्हती. मुलीच्या जातीने हळू बोलावं हे ऐकत वाढलेली मी, आणि शेजारी ही सत्तरीची बाई पंचाचा उद्धार करते आहे. अर्ध्या तासात मीही सुरू झाले. मराठीत. तिथे कुणाला कळत नव्हतं म्हणून जरा जास्तच मोकळेपणाने. घरी जाताना घसा बसलेला आणि आत सगळं धुऊन निघाल्यासारखं हलकं हलकं वाटलं.

मॅच संपली की फाटकं उघडायची आणि बघे मैदानात उतरायचे. ज्या गवतावर आत्ता मोठमोठे खेळाडू धावत होते, त्यावर आईबाप आणि पोरं आपापले चेंडू मारत सुटायची. माझी मुलगी नीट पळायला शिकली ती त्या गवतावर. म्हातारी तिचे इवलेसे हात चेंडूभोवती धरायची आणि सांगायची, चेंडू फेकायचा नाही, पायावर अलगद सोडायचा.

ही म्हातारी तरुणपणी स्वतः झेंडेवाली पंच होती, तिच्या उपनगरातल्या छोट्या स्पर्धांमध्ये. एकदा तर तिच्या नवऱ्याच्याच टीमची मोठी मॅच होती. त्याने मारलेला शेवटचा चेंडू खांबाला चाटून गेला. कुणी पाहिलं नाही, हिने पाहिलं. हिने एकच झेंडा हलवला आणि नवऱ्याची टीम हरली. पुढे कितीतरी दिवस तो आपला चहा आपण करून पीत होता. ही गोष्ट सांगताना ती खो-खो हसायची आणि शेवटी दरवेळी तेच म्हणायची: कोट अंगात असेपर्यंत तुला टीम नाही. कोट काढलास की मग वाटेल तेवढी रड.

तिचा दुसरा एक नियम होता, तो गाण्याचा. तिथे प्रत्येक टीमचं एक गाणं असतं. जिंकल्यावर खेळाडू आत गोल करून गातात, बाहेर बघे गातात. फक्त जिंकल्यावर. हरलो तर नाही, बरोबरी झाली तरी नाही. मधल्या काळात गुणगुणायचंही नाही. माझी पोरगी एकदा बाथरूममध्ये ते गात होती तर म्हातारीने कुंपणापलीकडून दटावलं. निळे इतके क्वचित जिंकायचे की ते गाणं आम्हाला सणासारखं यायचं. आलं की म्हातारी मुलीला खुर्चीवर उभी करायची, तिचे दोन्ही हात धरायची आणि गाताना तिचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. उगाच का लपवू.

मुलगी लहान मुलांच्या टीममध्ये खेळायला लागली तेव्हा माझ्यावर संत्र्यांची पाळी आली. मॅचच्या मधल्या सुट्टीत पोरांना संत्री द्यायची हा तिथला रिवाज. मला कोण आनंद झाला! नागपूरच्या बाईला संत्री आणायला सांगणं म्हणजे काय. मी पहाटे उठून संत्री सोलली, एकेक फोड सुटी केली, वरच्या दोऱ्या काढल्या, बिया काढल्या, वर चिमूटभर काळं मीठ आणि तिखट भुरभुरलं आणि स्टीलच्या डब्यात नीट लावून नेली. बाकीच्या आया सालासकट चार तुकडे करून आणायच्या, पोरं ते तोंडात कोंबून दातांवर साल बसवून हसत हिंडायची. सालीचं हसू हीच खरी गंमत असते, हे मला कोण सांगणार? पोरांनी डब्यात पाहिलं, नाकं मुरडली. माझी मुलगी लाजेने लाल झाली. मग एकाने धीर करून एक फोड खाल्ली. पुढच्या आठवड्यात पाळी दुसरीची होती, तरी पोरं माझाच डबा शोधत होती.

मग नवऱ्याला इथे कॅनडात, ग्वेल्फला, विद्यापीठात काम मिळालं. मलाही धान्याच्या लॅबमध्ये मिळालं. मुलगी तेव्हा सात वर्षांची. निघताना म्हातारीने तिला लाल चेंडू दिला आणि मला काहीच दिलं नाही, नुसती फाटकाला धरून उभी राहिली. आता ती नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली.

इथे माझा खेळ बेसमेंटमध्ये आला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे शुक्रवारची पहाट. ऑफिसला जायच्या आधी मी खाली शाल पांघरून लॅपटॉपसमोर बसायचे आणि निळे हरताना बघायचे. वरून नवऱ्याचा आवाज यायचा, "काहून एवढी बोंबलून राहिली बापा? शेजारचे पोलीस बोलावतीन! अन् तिकडं कोणाले ऐकू येते तुझं?"

मुलीने मात्र ते सगळं सोडलं. शाळेत तो चेंडू घेऊन गेली तर पोरं हसली म्हणे. तो चेंडू गॅरेजमध्ये, बर्फासाठीच्या विंटर टायर्सच्या मागे जाऊन पडला. मराठीही हळूहळू तशीच मागे पडली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मी रागावून पाहिलं, लाडाने पाहिलं, मग सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे बोलणं सोडलं, वाईट वाटणं नाही.

पुढे ती जवळच्याच किचनरला शिकायला राहत होती, तेव्हा एक दिवस तिचा फोन आला. "आई, डू वी स्टिल हॅव दॅट रेड बॉल?"

मी जेवता जेवता उठले. खरकट्या हाताने टायर्स बाजूला केले.

तिथल्या काही मुलींनी टीम काढली होती. शिकायला आलेल्या दोन-तीन ऑस्ट्रेलियन पोरी, बाकी हॉकी नाहीतर रग्बी खेळलेल्या इथल्याच. लांबट गोल मैदान इथे कुठलं मिळायला? मिळालं ते आपल्याच लोकांचं, क्रिकेटवाल्यांचं. त्यांची मॅच आटोपली की यांची सुरू. खांब प्लास्टिकच्या पाइपचे, जमिनीत पुरलेल्या नळकांड्यांत उभे करायचे आणि खेळ झाला की उपटून शेडमध्ये ठेवायचे. झेंडे हलवायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी आहे ना. लॅबमधला जुना पांढरा कोट घरी पडून होता, डॉलर शॉपमधून काठ्या आणल्या, उशीचे जुने अभ्रे फाडून झेंडे शिवले. पहिल्या दिवशी मुलीने मला त्या अवतारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ओह माय गॉड, आई." पण हसत होती. संत्र्यांच्या फोडींचा डबा मात्र तिने स्वतः उघडून सगळ्यांत फिरवला.

दोन उन्हाळे ही टीम खेळली आणि एकही मॅच जिंकली नाही. पोरींनी गाणं आधीच तयार ठेवलं होतं. शब्द त्यांचे, चाल माझ्या मुलीने दिलेली. तिला एकच चाल येत होती, म्हातारीची. ती चाल यात आहे हे ती मला बोलता बोलता सांगून गेली, पण गाऊन दाखवेना. "वी हॅव टू विन फर्स्ट." नियम तिला अजून पाठ होता.

मग तिला व्हँकूवरला नोकरी लागली. उन्हाळ्यातली शेवटची मॅच ही तिचीही शेवटची होती, दुसऱ्या दिवशी ती निघणार होती. मी कुणाला बोलले नाही, पण मला ते गाणं एकदा ऐकायचं होतं. या देशात, तिच्या तोंडून, ती जायच्या आत. देवधर्म आम्ही करत नाही, नाहीतर नवस बोलले असते.

नवराही त्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन आला होता. आमच्या पोरी त्या दिवशी काहीतरी वेगळंच खाऊन आल्या होत्या. पडत होत्या, उठत होत्या, सोडत नव्हत्या. शेवटच्या भागात त्या माझ्याच टोकाकडे खेळत होत्या आणि फक्त एका गुणाने मागे होत्या. इतक्यात माझ्या मुलीने दोघींच्या मधून उडी मारून चेंडू झेलला आणि भोंगा वाजला. वेळ संपली, पण चेंडू आधी झेललेला असला तर भोंग्यानंतरही एकदा मारायला मिळतो. सगळं मैदान थांबलं. समोर ती, हातात लाल चेंडू. मधल्या दोन खांबांमध्ये मी, पांढऱ्या कोटात. आमच्या दोघींमध्ये फक्त गवत.

सहा मिळाले तर जिंकलो. एक मिळाला तर बरोबरी.

तिने चेंडू पायावर अलगद सोडला, तसाच, जसा तिला शिकवला होता. चेंडू उंच गेला, सरळ आला आणि अगदी शेवटी वाऱ्याने डावीकडे वळला. मी खांबाकडे धावले. चेंडू माझ्या डोक्यावरून आत गेला, पण जाताना प्लास्टिकच्या पाइपला लागला. टक्. नखाने पेला वाजवावा तेवढाच आवाज. पाइप किंचित हलला. वाऱ्यानेही हलला असता.

मधला पंच, टोरोंटोहून येणारा एक उंच ऑस्ट्रेलियन, लांबून हात वर करून विचारत होता. त्याला दिसलेलं नव्हतं. कुणालाच दिसलेलं नव्हतं. आमच्या पोरी तर नाचायलाच लागल्या होत्या. दोन झेंडे हलवले असते तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. गाणं सुरू झालं असतं. खोटं का बोलू, दोन्ही काठ्या माझ्या मुठीत होत्या. पण अंगात कोट होता आणि कानात ती टक् होती.

मी एक काठी खाली टाकली आणि एकच झेंडा हलवला.

नाच जागच्या जागी थिजला. मुलगी माझ्याकडे चालत आली. "वॉज इट टच्ड?"

"हो," मी म्हटलं. "खांबाला लागला."

"आर यू शुअर?"

"हो."

ती वळली आणि गेली. बरोबरीनंतर काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. दोन्हीकडच्या पोरी घुटमळल्या, हात मिळवले, पाणी प्यायल्या. संत्र्यांचा डबा तसाच राहिला. नवरा खुर्ची मिटत म्हणाला, "दोन्ही हालवून टाकायचे होते ना. कोणाले दिसून राहिलं होतं?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट गाडीकडे गेला. त्याच्या मागे जाऊन मी कोट काढला, मागच्या सीटवर टाकला आणि दारापाशी थोडा वेळ रडले. कोट काढल्यावर रडायला परवानगी होती.

खांब उपटायचं काम उरलं होतं. पोरी पांगल्या होत्या. एकेक पाइप मी शेडमध्ये नेत होते. मधला डावा खांब, तोच, सगळ्यांत शेवटी राहिला. तो उंच, एकटीला उचलेना. मी नळकांड्यातून तो हलवत होते तेव्हा दुसऱ्या बाजूने दोन हात आले. आम्ही तो आडवा केला आणि खांद्यावर घेतला. ती पुढे, मी मागे. मला तिची फक्त पाठ दिसत होती, चिखलाने भरलेली जर्सी आणि सुटलेली वेणी.

निम्मं मैदान ओलांडलं असेल.

"लागला होता, आई," ती पुढे बघतच म्हणाली. "मले आवाज आला."

मी चालत राहिले. कितीतरी वर्षांनी तिने मला आमच्या भाषेत काही सांगितलं होतं, तेही तिच्या बापासारखं, अस्सल नागपुरी. "मग मले विचारलं काहून?" मी म्हटलं.

तिने खांदे उडवले, तसा पाइप माझ्याही खांद्यावर हलला. थोडं पुढे गेल्यावर ती हळूच गुणगुणायला लागली. आधी मला कळलंच नाही, मग म्हातारीची चाल ओळखू आली. आम्ही जिंकलो नव्हतो. नियमाप्रमाणे तिला थांबवायला हवं होतं.

पण कोट मी मघाच काढून ठेवला होता. मीही गुणगुणायला लागले.